बिनवर्गणीचे मंडळ

गेल्या मार्गशीर्षात आमच्या कुलमंडळाची वार्षिक सभा येथे इंदुरात, रामबागेतील एका आप्तांच्या घरी भरली होती. सभा म्हणजे तरी काय, तीसएक माणसे, पोहे-चहा, मागील इतिवृत्ताचे वाचन आणि जमाखर्चास मंजुरी. एरवी हे सारे अर्ध्या तासात आटोपते आणि मंडळी गप्पांकडे वळतात. या खेपेस मात्र एकाच विषयावर दोन तास वाद झाला, थोडे आवाजही चढले, आणि अखेरीस मंडळाचे चिटणीस या नात्याने तो विषय आमच्या गळ्यात पडला.

विषय असा. आमच्या कुलवृत्तांताची छापील आवृत्ती निघून आता चाळीस वर्षे होत आली. मधल्या काळात दोन पिढ्या वाढल्या. घरे पुण्यामुंबईस, बंगळूरला आणि सातासमुद्रापार गेली. पुरवणी काढणे आवश्यक आहे याविषयी दुमत नव्हते. परंतु तरुण मंडळींचे म्हणणे असे पडले, की छपाई हवीच कशाला? "काका, फेसबुकवर आपल्या कुळाचा एक ग्रुप उघडू. ज्याने त्याने आपली माहिती भरावी, फोटो टाकावेत. पैसा लागणार नाही, टपाल लागणार नाही, आणि अमेरिकेतल्या घरालाही त्याच क्षणी दिसेल," असे आमच्या पुतण्याने मांडले. त्यावर एक ज्येष्ठ गृहस्थ ताडकन म्हणाले, "म्हणजे घरची वही चव्हाट्यावर मांडायची म्हणा की!" पुढे काय झाले असेल याची कल्पना कोणत्याही मराठी मंडळाच्या सभासदास सहज यावी. शेवटी असे ठरले, की आम्ही या समाजमाध्यमांची नीट माहिती काढून पुढील सभेपुढे टिपण ठेवावे. हाच प्रश्न आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी, मंडळांत आणि वाचनालयांत पडत असणार, म्हणून ते टिपण थोड्या विस्ताराने येथे देत आहोत.

जाळे नवे नाही

माळव्यात मराठी माणूस होळकरांच्या निशाणामागे आला, त्यास आता तीनशे वर्षे होत आली. मूळ गाव दूर राहिले, भोवतालची भाषा निराळी. अशा वेळी आपली माणसे एकमेकांस धरून राहावीत यासाठी आपल्या पूर्वजांनी जी धडपड केली, तीच आजच्या भाषेत 'नेटवर्क' म्हणावयाची. पत्रे, लग्नकार्ये, हळदीकुंकू, गणेशोत्सव, भजनी मंडळे, ग्रंथालये हे सारे त्याचेच धागे. याच बळावर या शहराने अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तीन वेळा, म्हणजे १९१७, १९३५ आणि २००१ साली, आपल्या अंगणात भरविले. महाराष्ट्राबाहेरच्या गावास हे साधते ते माणसे आधीपासून जोडलेली असतात म्हणून.

या सर्व संस्थांचा एक समान धर्म होता, तो म्हणजे वर्गणी. ती रुपया-दोन रुपये का असेना, पण ती देणारा मनुष्य सभेत उभा राहून हिशोब विचारू शकत असे. चिटणिसाने घोटाळा केला तर त्यास बदलता येत असे. संस्था आपली आहे, ही भावना त्या पावतीच्या चिठोऱ्यातून येत असे.

याचे एक उदाहरण सर्व इंदूरकरांच्या डोळ्यांसमोर आहे. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या निघतात, त्या पाहण्यास सारे शहर रस्त्यावर उतरते. या झांक्यांपैकी एक हुकुमचंद मिलची. ही गिरणी १९९१ साली बंद पडली. कामगारांच्या देण्यांचा प्रश्न तीन दशके लोंबकळत राहिला आणि २२४ कोटी रुपयांची रक्कम त्यांच्यासाठी सुपूर्द होण्यास २०२३ चा डिसेंबर उजाडावा लागला. परंतु गिरणी बंद पडली म्हणून झांकी बंद पडली नाही. भोंगा थांबल्यावरही कामगारांनी ती चालू ठेवली, कारण झांकीचे जाळे मालकाचे नव्हते, कामगारांचे होते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

आले किती, गेले किती

मराठी माणूस संगणकाच्या जाळ्यावर एकत्र येण्यास फेसबुकची वाट पाहत बसला नव्हता. 'मायबोली' हे मराठीजनांचे संकेतस्थळ १९९६ सालच्या गणेश चतुर्थीस सुरू झाले, आणि परदेशी गेलेली कितीतरी मराठी घरे त्यावर एकमेकांस भेटली. मोठ्या कंपन्या या क्षेत्रात उतरल्या त्या पुढे.

२००४ च्या जानेवारीत गूगल कंपनीने 'ऑर्कुट' सुरू केले. ऑर्कुट ब्युक्योकटेन या त्यांच्याच अभियंत्याचे नाव त्यास दिले होते. ब्राझील आणि भारत या दोन देशांत ते विलक्षण लोकप्रिय झाले. त्या वेळच्या महाविद्यालयीन मुलामुलींनी शाळेतले हरवलेले मित्र त्यावर शोधून काढले, एकमेकांच्या पानांवर मजकूर लिहिले, छायाचित्रे ठेवली. ३० सप्टेंबर २०१४ रोजी कंपनीने ते बंद केले. त्याच गूगलने २०११ साली 'गूगल प्लस' काढले आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये तेही मिटविले. 'मायस्पेस' हे एके काळी अमेरिकेतील सर्वांत गजबजलेले स्थळ. वृत्तपत्रसम्राट रूपर्ट मर्डोक यांच्या कंपनीने २००५ साली ते ५८ कोटी डॉलरांस घेतले आणि २०११ साली अवघ्या साडेतीन कोटींच्या आसपास विकले. आपल्या देशात २०२० साली निघालेले 'कू' मराठीतही चालत असे; २०२४ च्या जुलैमध्ये त्याच्या चालकांनी ते बंद करीत असल्याचे जाहीर केले.

यात कोणाची लबाडी होती असे आमचे म्हणणे नाही. धंदा चालला नाही, दुकान बंद केले, एवढेच. परंतु कुलवृत्तांत हा शंभर वर्षांचा कागद. तो अशा दुकानाच्या फळीवर ठेवावा काय, ज्याचे आयुष्य दहा वर्षेही असेल याची हमी नाही? हुकुमचंद मिल बंद पडली तरी झांकी राहिली. ऑर्कुट बंद पडले तेव्हा मात्र ज्यांनी आपले साहित्य वेळेवर उतरवून घेतले नाही त्यांच्या हाती काही उरले नाही. दोहोंतील फरक मालकीचा आहे.

वर्गणी नाही, मग खर्च कोण करतो?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. या कंपन्यांस आपल्या गप्पागोष्टींत, वाढदिवसांत आणि बारशांच्या छायाचित्रांत एवढा रस का?

व्हॉट्सॲपची कथा या दृष्टीने फार बोधप्रद आहे. जॅन कूम आणि ब्रायन ॲक्टन या दोघांनी २००९ साली ते सुरू केले. जाहिराती घ्यावयाच्या नाहीत, हा त्यांचा बाणा होता. पहिले वर्ष फुकट आणि पुढे वर्षाला एक डॉलर, अशी त्यांची योजना होती. म्हणजे आपल्या मंडळासारखीच वर्गणी! २०१४ च्या फेब्रुवारीत फेसबुकने ही संस्था सुमारे १९ अब्ज डॉलरांस विकत घेण्याचे जाहीर केले. त्या वेळी तेथे काम करणारी माणसे पन्नास-पंचावन्न होती, आणि वापरणारे सुमारे ४५ कोटी. भागाकार केला तर दरडोई ४२ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने अडीच हजार रुपयांहून अधिक पडतात. वर्षाला एक डॉलर देणाऱ्या, बहुधा तोही न देणाऱ्या माणसासाठी एवढी रक्कम कोण मोजतो? ज्यास त्या माणसापासून अन्य मार्गाने काही मिळावयाचे आहे तोच. २०१६ च्या जानेवारीत ती एक डॉलरची वर्गणीही रद्द झाली. ॲक्टन २०१७ साली आणि कूम २०१८ साली बाहेर पडले. २०२५ च्या जूनमध्ये व्हॉट्सॲपच्या 'स्टेटस'च्या भागात जाहिराती दाखविण्याची घोषणा झाली. वर्गणीपासून जाहिरातीपर्यंतचा हा प्रवास अकरा वर्षांचा.

फेसबुकची मूळ कंपनी आता 'मेटा' या नावाने ओळखली जाते. २०२३ साली तिचे उत्पन्न सुमारे १३५ अब्ज डॉलर होते, आणि त्यांपैकी सुमारे १३२ अब्ज जाहिरातींतून आले. म्हणजे रुपयातील सत्त्याण्णव पैशांहून अधिक जाहिरातीचे. वृत्तपत्रेही जाहिरातींवर चालतात, हे मासिकही त्यास अपवाद नाही, असे कोणी म्हणेल. आणि ते खरे आहे. परंतु आमच्या मासिकातील पापडलोणच्याची जाहिरात सर्व वाचकांस सारखीच दिसते. कोणता वाचक कोणत्या पानावर किती वेळ थांबला, त्याच्या घरी लग्नाची मुलगी आहे की आजारी आई, हे आम्हांस ठाऊक नसते. या कंपन्यांस त्याचा अदमास घेता येतो, आणि जाहिरातदार पैसे मोजतो ते त्या अदमासासाठी.

दुसरे कारण साध्या अंकगणितात आहे. दहा घरे एकमेकांस जोडावयाची तर जोड्या होतात ४५. घरे वीस झाली की जोड्या ४० किंवा ९० नव्हे, १९० होतात. माणसे दुप्पट झाली की नाती चौपटीहून वाढतात. म्हणून ज्या जाळ्यात अधिक माणसे आहेत त्यातच नवा मनुष्य जातो, आणि गेलेल्यास बाहेर पडणे जड होते. कारण तो एकटाच बाहेर पडतो, त्याची आत्या, मामा आणि शाळासोबती आतच राहतात. याच कारणास्तव मायक्रोसॉफ्टने २००७ साली फेसबुकचा अवघा १.६ टक्के भाग २४ कोटी डॉलरांस घेतला आणि २०१६ साली नोकरदारांचे 'लिंक्डइन' हे जाळे २६ अब्ज डॉलरांहून अधिक मोजून घेतले. आणि म्हणूनच २०२० च्या एप्रिलमध्ये फेसबुकने आपल्या येथील जिओ प्लॅटफॉर्म्सचा ९.९९ टक्के हिस्सा ४३,५७४ कोटी रुपयांस घेण्याचा करार केला. एवढी मोठी गिऱ्हाइकी दुसऱ्या कोठे उभी आहे?

वहीत काय असते?

कुलवृत्तांतात आपण काय लिहितो ते पाहा. पूर्ण नाव, जन्मतारीख, आईचे माहेरचे नाव, मूळ गाव, विवाहाची तारीख, मुलांची नावे, हुद्दा, पत्ता. बँकेने ओळख पटविण्यासाठी विचारावयाच्या प्रश्नांची उत्तरे याहून सोयीस्करपणे एकत्र कोठे मिळणार?

हा निव्वळ भित्रेपणा नव्हे. गेल्या वर्षी आमच्याच कुटुंबात हे घडले. आमच्या एका आतेबहिणीच्या नावाने आणि तिच्याच छायाचित्राने कोणीतरी खोटे खाते उघडले आणि तिच्या परिचितांस "इस्पितळात आहे, तातडीने पैसे पाठवा" असे निरोप धाडले. इंदूरच्या एका मावसभावाने भाबडेपणाने बारा हजार रुपये पाठविले. पैसे परत आले नाहीत. त्याहून वाईट असे झाले, की पुढे तिच्या यजमानांस खरोखरच इस्पितळात ठेवावे लागले तेव्हा तिचा फोन दोघांनी उचललाच नाही. नात्यातला विश्वास असा उसवतो. (अशा फसवणुकीत सापडल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब कळवावे, जितका उशीर तितकी रक्कम हाती लागण्याची आशा कमी.)

आणखी एक गोष्ट. आपण आपलीच माहिती देतो असा आपला समज असतो. वस्तुतः आपण इतरांचीही देत असतो. २०१८ साली केंब्रिज ॲनालिटिका नावाच्या ब्रिटिश कंपनीचे प्रकरण उघडकीस आले. स्वभावपरीक्षेच्या एका प्रश्नावलीच्या निमित्ताने तिच्या हाती फेसबुकवरील लोकांची माहिती पोहोचली होती. फेसबुकनेच सांगितल्याप्रमाणे भारतात ती प्रश्नावली घेणारे होते अवघे ३३५ जण. परंतु त्यांच्या ओळखीपाळखीमुळे माहिती गेली असण्याची शक्यता असलेल्यांची संख्या ५ लाख ६२ हजारांवर होती. कुळातील एका हौशी पुतण्याने सर्वांची माहिती भरली तर काय होते, याचे हे मोठ्या प्रमाणावरील चित्र समजावे.

व्हॉट्सॲपविषयी एक खुलासा करणे न्याय्य होईल. २०१६ च्या एप्रिलपासून त्यावरील निरोप कुलूपबंद जातात; मधल्या मध्ये कंपनीसही तो वाचता येत नाही. परंतु कोणी कोणास, केव्हा आणि कितीदा निरोप पाठविला, हे पाकिटावरील पत्त्यासारखे उघडे राहते. ही माहिती फेसबुकच्या इतर शाखांस देण्यासंबंधी २०२१ साली ज्या अटी घालण्यात आल्या, त्यांवरून आपल्या स्पर्धा आयोगाने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मेटा कंपनीस २१३ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. वाद पुढे अपिलात गेला. पण पाकिटावरच्या पत्त्यासही मोल असते, हे त्यावरून कळून आले.

आणि कुलूपबंद निरोप खराच असतो असेही नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी समजून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांस ठार मारले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती माणसे होती. मोबाइलवरून फिरणाऱ्या अफवांनी त्या दिवसांत अनेक गावांची मने आधीच भडकविली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे ढकलण्यास अटकाव केला. यंत्राने पाचांवर थांबविले; आपण एकावरही थांबू शकतो, हे सुज्ञांस सांगणे नलगे.

दुसरी बाजू

येथवर वाचून आमचे ज्येष्ठ आप्त संतुष्ट झाले असतील. परंतु टिपण प्रामाणिक व्हावयाचे तर दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे.

आमची आत्या रामबागेत एकटी राहते. वय चौऱ्याऐंशी. मुलगा कॅनडात, मुलगी नागपुरास. २०२१ च्या एप्रिलमध्ये ती तापाने अंथरुणास खिळली तेव्हा दार ठोठावण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिच्या नागपूरच्या मुलीने सकाळी सात वाजता दोन ओळी टाकल्या. नऊच्या आत सुदामानगरातून एका भाचेसुनेचा डबा दाराशी आला, अकरापर्यंत औषधे आली, आणि पुढचे सोळा दिवस कोणी ना कोणी ठरल्या वेळी तिला फोनवर पाहून बोलत राहिले. त्या भाचेसुनेस आत्याने तोवर कधी पाहिलेही नव्हते. आज ती दर संकष्टीस मोदक घेऊन येते.

टिपण लिहिण्यापूर्वी आम्ही आत्याकडे मुद्दाम गेलो आणि तिचे मत विचारले. ती म्हणाली, "अरे, तुमची ती कंपनी माझं काय काय बघते ते मला कळत नाही. पण पूर्वी संध्याकाळी मी या खिडकीशी बसून रस्ता बघत असे. आता नातीचा चेहरा बघते. ते तेवढं बंद करू नका." थोड्या वेळाने तीच पुढे म्हणाली, "मात्र माझी जन्मतारीख आणि घरात एकटी राहते हे कुठे लिहू नका बाबा." आम्ही इतकी पाने खरडून जे सांगत आहोत ते तिने दोन वाक्यांत सांगितले.

आमची शिफारस

तेव्हा या जाळ्यांत सामील व्हावे की नाही, यास आमचे उत्तर असे, की व्हावे. परंतु तेथे जे न्यावयाचे ते पारखून न्यावे. बाजारात जाणे आपण टाळीत नाही. पण बाजारात जाताना घरची कपाटे उघडी टाकूनही जात नाही.

पुढील सभेपुढे आम्ही चार सूचना मांडणार आहोत. पहिली, आमंत्रणे, सुखदुःखाच्या वार्ता, सणावारांची छायाचित्रे यांसाठी ग्रुप खुशाल असावा. त्यास सर्वांनी यावे. दुसरी, कुलवृत्तांताची मूळ नोंदवही मंडळाच्याच ताब्यात राहावी. तिची पुरवणी छापली जावी, आणि संगणकावरील प्रती दोन निरनिराळ्या घरी ठेवाव्यात. तिसरी, कोणाचीही माहिती त्याच्या संमतीवाचून कोठेही घालू नये. हयात व्यक्तीची पूर्ण जन्मतारीख आणि पत्ता तर नकोच. चौथी, ग्रुपवर जमा होणारी छायाचित्रे आणि आठवणी वर्षातून एकदा उतरवून आपल्या संग्रही घ्याव्यात. मोठ्या समाजमाध्यमांवर तशी सोय असते, ती वापरणारे मात्र थोडे.

तिसऱ्या सूचनेस आता कायद्याचाही आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर २०२३ च्या ऑगस्टमध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाच्या आहेत. संमती स्पष्ट शब्दांत मागावी, ती परत घेता यावी, चूक दुरुस्त करून मागता यावी, अशी त्याची योजना आहे. कायदा आपल्या बाजूस असणे चांगलेच. पण पहिली संमती आपणच देत असतो, आणि ती देताना आपण काय वाचतो ते आपणांस ठाऊक आहे.

राहता राहिला खर्चाचा प्रश्न. पुरवणीच्या छपाईस पैसा लागेल, आणि तो वर्गणीतूनच यावयाचा. आमच्या पुतण्याने हे टिपण वाचून प्रथम थोडे नाक मुरडले, पण दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला, तो अर्थात व्हॉट्सॲपवरच: "काका, माझे पाचशे रुपये धरा. पण पुरवणीचं अक्षरजुळणीचं काम मी करणार, आणि हिशोब सभेत विचारणार."

आम्हांस त्याचा आनंद वाटला. हिशोब विचारणारा सभासद मिळणे हे कोणत्याही मंडळाचे भाग्यच होय.